बारा घमेली माती

पांढुर्ण्याहून सौंसरकडे निघालं की गाव संपता संपता उजव्या हाताला पूनम लॉन लागतं. लग्नाच्या लॉनला मालकाच्या पोरीचं नाव द्यायची आपल्याकडे रीतच आहे. पूनम ही भैय्याजींची पोरगी. ती लग्न होऊन गेली, तिला दोन लेकरं झाली, पण फाटकावर ती अजून तशीच आहे. आत एकरभर हरळी. त्या हरळीचा धनी कोण म्हणाल तर कागदावर भैय्याजी, आणि खरं विचाराल तर तुळशीराम माळी. बावीस वर्षं त्यानं ते गवत पोटच्या पोरासारखं वाढवलं आणि बावीस वर्षं लोकांनी ते तुडवलं. लग्नाला माणसं जेवायला येतात असं आपण म्हणतो, पण तुळशीरामच्या मते ती गवत तुडवायलाच येतात, जेवण हे निमित्त. आचारी चुलाण मांडून दोन हात जागा जाळतात, जनरेटरवाला डिझेल सांडतो, आणि बायांच्या उंच टाचांनी तर लॉनची चाळणी होते. नवरा-नवरी हार घालून मोकळी होतात, मागं राहतो तुळशीराम आणि त्याचं मेलेलं गवत.

म्हणून दरवर्षी पोळा झाला, पावसाचा जोर सरला की तो लॉनला माती द्यायचा. चांगल्या हिरव्या गवतावर माती पसरणारा माणूस पाहून रस्त्यानं जाणारा हटकून विचारायचा, "काय तुळशीरामभाऊ, गवत गाडून राहिले काय?" तो पुढचं घमेलं रिकामं करायचा. माती देणं म्हणजे जुन्या गवताला नवं अंथरूण. खड्डे भरतात, तुडवून दगड झालेली जमीन सैल होते, मुळं पुन्हा हातपाय पसरतात. त्यातही काळी माती चालत नाही. ती कपाशीला चांगली, लॉनवर तिला भेगा पडतात. नदीची रेती, पांढरी माती आणि दोन वर्षं कुजलेलं शेणखत, तिन्ही चाळून एकत्र करायचं, बोटाच्या पेराहून पातळ पसरायचं, आणि मग खराट्यानं हलक्या हातानं असं झाडायचं की प्रत्येक पात्याचं टोक वर निघालं पाहिजे. "गवताचं नाक उघडं राह्यलं पाह्यजे," असं तो म्हणायचा. नाक बुजलं की आठ दिवसांत गवत पिवळं पडतं.

पसरणं त्याचं, चाळणं मंगलाचं. मंगला त्याची बायको. जामसांवलीच्या मंदिराबाहेरच्या दुकानातून तिनं गव्हाची एक चाळणी आणली होती, पत्र्याच्या काठाची. घरात बुद्धाची तसबीर, देवाशी देणंघेणं नाही. पण चाळणी घ्यावी तर जामसांवलीचीच, हे तिचं ठाम मत होतं. त्या चाळणीतून ती लॉनची माती गाळायची, पुरणाला डाळ वाटावी तशी मऊ. तुळशीराम चिडायचा, "अवो, ह्याच्या पोळ्या लाटाच्या आहेत काय?" ती म्हणायची, "तुम्ही पसरा. मले शिकवू नका."

तीन वर्षांपूर्वी तिला दम लागायला लागला. तरुणपणी पंधरा वर्षं तिनं एका जिनात, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायच्या कारखान्यात, कापूस टाकायचं काम केलं होतं, तिथली रुईची धूळ छातीत बसली होती. डॉक्टर सौंसरचा, भला माणूस. त्यानं छातीचा फोटो उजेडात धरून पाहिला आणि म्हणाला, आता हिच्या नाकात धूळ जाऊ द्यायची नाही, घर मोकळ्या हवेत पाहिजे. गावातलं त्यांचं घर जिनाच्या भिंतीला लागून. पोरगा सुमेध बोरगावच्या कंपनीत, त्याची खोली धुराड्याच्या सावलीत. तेव्हा भैय्याजींनी लॉनच्या कोपऱ्यातली माळ्याची खोली उघडून दिली. खिडकीसमोर सगळी हरळी. तिथं मंगलाला रात्रीची झोप लागू लागली. तुळशीरामला त्या लॉनचं काय मोल होतं हे यावरून समजा.

पण गेल्या उन्हाळ्यात भैय्याजी आजारी पडले आणि कारभार त्यांच्या पोरानं, हेमराजनं हातात घेतला. पोरगा वाईट नाही, घाईचा आहे. त्यानं नागपूरला कुठं तरी प्लास्टिकचं गवत पाहिलं. बारा महिने हिरवं, पाणी नको, माळी नको. श्रावणात तो तुळशीरामला म्हणाला, "काका, हे बघा. तुळशीच्या लग्नापर्यंत तुमचं गवत एकसारखं उभं राहिलं तर ठीक. नाही तर मी प्लास्टिक टाकून राहिलो. आणि मग खोली डेकोरेशनवाल्याला सामान ठेवायला लागेल. नाराज नका होऊ."

तुळशीराम नाराज झाला नाही, घाबरला. प्लास्टिक आलं की खोली गेली, आणि खोली गेली की मंगला कुठं श्वास घेणार? हे त्यानं तिला सांगितलं नाही. तिनं ओळखलं.

त्यातच शेणखत मिळेना. ज्या शेतकऱ्याकडून तो दरवर्षी खत आणायचा त्यानं बैलजोडी विकून टाकली होती, आणि ट्रॅक्टर काही शेण टाकत नाही. शेवटी जिनाचा चौकीदार म्हणाला, शेडमागं कचऱ्याचा जुना ढीग आहे, वर्ष झालं कुजून राहिला, घेऊन जा. फुकटचं ते पौष्टिक! वरून खत काळंभोर, भुसभुशीत. त्यानं हातात घेऊन वास घेतला आणि खूश झाला. आत हात घालून पाहिला असता तर आतला ढीग कोरडा लागला असता. पण बावीस वर्षांचा माळी घाईत होता.

ट्रॉली उतरताना मंगला खिडकीतून पाहत होती. तिनं पंधरा वर्षं त्या कचऱ्यात काढलेली.

"अवो, त्यात सरकी राह्यते," ती म्हणाली. "मातीच्या गोट्यासारखी दिसते, वळखू येत नाही. माह्या चाळनीतून काढा."

"काढतो, काढतो. तू खिडकी लाव. धूळ उडून राह्यली."

त्या बारीक चाळणीतून एक घमेलं काढायला त्याला अर्धा तास लागला. हात अवघडले, कंबर धरली. बायको हे वीस वर्षं बसून कसं करत होती, हा विचार तेव्हा त्याच्या मनात आला नाही हे सांगायलाच हवं. राग तेवढा आला. त्यानं बांधकामावरून रेतीची मोठ्या भोकांची चाळणी मागून आणली, ती तिरपी उभी केली आणि फावड्यानं माती मारत सुटला. चार दिवसांत लॉनचा मोठा भाग झाला. पसरलं मात्र त्यानं झकास, पात्यान् पातं नाक वर काढून उभं.

खोलीसमोरची पट्टी तेवढी राहिली. पाचव्या दिवशी मंगलाचं औषध संपलं म्हणून तो सकाळच्या बसनं सौंसरला गेला. डॉक्टरकडे गर्दी होती. परत यायला दुपार टळली. पाण्याच्या टाकीच्या आडोशाला ताडपत्रीखाली चाळलेली माती तयार दिसली. आपणच काल चाळून ठेवली असेल, असं त्याला वाटलं. चार दिवस तेच काम करणाऱ्याला कालचं आणि परवाचं आठवत नाही. खोलीत मंगला भिंतीला टेकून बसली होती. केसांत धूळ, पदरावर धूळ, आणि छातीचा भाता चालू.

"काय करून राह्यली होतीस तू?"

"अंगण झाडलं थोडसं."

"अंगण झाडलं!" तो उखडला. "डॉक्टरनं सांगितलं ते कोनासाठी सांगितलं? मी तिकडे लाइनीत उभा राहून पाय मोडून घेऊन राह्यलो, अन् तुले घरात बसता येत नाही? मराचंच असन तं तसं सांग."

 तिनं हात पुढं करून औषध मागितलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं ती तयार माती खोलीसमोर पसरली. बरोबर बारा घमेली भरली. ती खिडकीतून बघत होती आणि मधूनमधून हसत होती, असं त्याला नंतर आठवलं. तिसऱ्या दिवशी तिचा दम उतरेना. सुमेधनं गाडी आणली. नागपूरला नेता नेता, सावनेरच्या अलीकडे, भर दुपारी मंगला गेली. तिचं डोकं तुळशीरामच्या मांडीवर होतं. खिडकीच्या काचा उघड्या होत्या, वारं भरपूर होतं, ते तिला घेता आलं नाही.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम गावातल्या घरी झाला. पांढऱ्या कपड्यांतली माणसं आली, त्रिशरण झालं, जेवणं झाली. लॉनला पाणी द्यायला सुमेधनं कोणाला तरी सांगून ठेवलं होतं. तुळशीराम पंधरा दिवसांनी फाटक उघडून आत आला आणि जागीच थांबला.

सगळ्या लॉनभर कपाशी उगवली होती. दोन-दोन पानांची, टवटवीत, हरळीतून मान वर काढून. चाळणीतून निसटलेली सरकी कचऱ्यात वर्षभर कोरडी झोपली होती. लॉनवर तिला माती मिळाली, पाणी मिळालं, ती जागी झाली. एवढी एकसारखी कपाशी त्या साली कुठल्या शेतकऱ्याच्या शेतातही उगवली नसेल. तुळशीराम फाटकापाशीच खाली बसला. उपटायला लागला तर प्रत्येक रोपामागं गवताचा झुबका निघून येई.

दोन दिवस तो उपटत होता. तिसऱ्या दिवशी हेमराज आला.

"काका, हे काय? पराटी लावली का?" तो हसला, मग तुळशीरामचं तोंड पाहून त्यानं हसू आवरलं. "काकूंचं ऐकलं मी. वाईट झालं. पण आता सांगा, मी काय करू? कार्तिक तोंडावर आला. प्लास्टिकवाला उद्या माप घ्यायला येऊन राहिला."

बोलता बोलता तो खोलीकडे वळला आणि थबकला.

"अन् ही पट्टी?"

तुळशीरामनं पाहिलं. दोन दिवस तो फाटकाकडच्या बाजूनं उपटत होता. रात्री मुक्कामाला घरी जायचा, खोलीकडे त्याचं पाऊलच पडलं नव्हतं. खोलीसमोरची पट्टी दाट, हिरवीगार, गादीसारखी सपाट होती. तीत कपाशीचं एक रोप नव्हतं.

"हे तर फर्स्ट क्लास आहे!" हेमराज वाकून हात फिरवत म्हणाला. "हे कसं केलं? असं सगळं करून देता का? अजून वेळ आहे. करून दिलं तर प्लास्टिक कॅन्सल. काम तुमचं, खोली तुमची. माझा शब्द."

त्या पट्टीची माती जिथून भरली होती त्या टाकीच्या आडोशाला तुळशीराम गेला. ताडपत्री सारून तिच्यामागं टाकीला टेकवलेलं पोतं उचललं; माती भरताना त्यानं तिथवर पाहिलंच नव्हतं. खाली जामसांवलीची चाळणी पालथी पडली होती, नाकाला बांधायला ओला केलेला, आता वाळलेला फडका होता, आणि पत्र्यावर सरकीचा एक ढीग होता, दोन ओंजळींत मावणार नाही एवढा. एक एक दाणा वेचून बाजूला ठेवलेला. काही दाणे मोड येऊन सुकले होते.

तो सौंसरला लाइनीत उभा होता, तेव्हा ती इथं बसून चाळत होती. बारा घमेली. त्याची मोठ्या भोकांची चाळणी तिनं खिडकीतून चार दिवस पाहिली होती, आणि पुढं काय होणार हे तिला एकटीला माहीत होतं. सगळं लॉन तिच्या हातून होणार नव्हतं. जेवढं राहिलं होतं तेवढं तिनं केलं. आणि त्यानं तिला काय विचारलं होतं? मराचंच असन तं तसं सांग. तुळशीरामनं फडका उचलून तोंडावर धरला आणि रडला. मोठ्यानं, लाज सोडून.

हेमराजला काही कळेना. तो जवळ आला. "काका, जमेल ना मग?"

"जमते," तुळशीराम म्हणाला. "चाळनी आहे, हात आहेत. जमाले काय झालं?"

"मग?"

"ती खोली तिच्यासाठी पाह्यजे होती, भाऊ. माह्यासाठी नाही. हे बारा घमेले तिनं चाळले, तिचा जीव गेला त्याच्यात. ते दाखवून आता मी खोली मागू? टाका तुम्ही प्लास्टिक."

प्लास्टिकवाले आले, त्यांनी माप घेतलं, सतरंजीसारख्या गुंडाळ्या आणल्या. पट्टीही झाकावी लागेल, स्टेज तिथंच येतो, असं हेमराजनं सांगितलं आणि मान खाली घातली. तुळशीराम बरं म्हणाला. निघायच्या दिवशी सकाळी त्यानं खुरप्यानं पट्टीतला एक गोल तुकडा मुळांसकट कापला, चाळणीत बसेल एवढा, आणि चाळणी मांडीवर घेऊन बोरगावच्या बसमध्ये बसला.

आता ती चाळणी सुमेधच्या खिडकीत असते. धुराड्याची काजळी गवतावर बसते, तुळशीराम ती ओल्या फडक्यानं पात्यापात्यानं पुसतो. चाळणीत पाणी थांबत नाही, म्हणून दिवसातून चार-पाच वेळा घालावं लागतं, आणि भिंतीवर ओघळ येतात. सून प्राजक्ता पोतेरं घेऊन ओघळ टिपते. सुमेध म्हणतो, बाबा, मी कुंडी आणून देतो. तुळशीराम "हाव, आण" म्हणतो, आणि आणू देत नाही.