पंचविशीच्या आतले पंचवीस

"आज काय आहे ते तं आंधळ्यालेही दिसते. पाच वर्षांनी काय होईन, ते सांग मले."

हे बोलताना तो मधलं बोट जिभेला लावायचा आणि फळ्यावरच्या नावाची पट्टी एक घर वर नाहीतर खाली सरकवायचा. पट्ट्या लोहचुंबकाच्या होत्या, थुंकीची काही गरज नव्हती. तो आमचा साहेब. तोंडावर आम्ही त्याला सर म्हणायचो. इथे मात्र मी त्याला अहो-जाहो करणार नाही, एवढी सूट मला द्या.

आमचं ऑफिस नागपुरात, पण काम अमेरिकेचं. तिकडे ज्याला फुटबॉल म्हणतात तो खेळ बहुतेक हातांनीच खेळतात. त्यातला क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू हातात घेऊन तो कुणाकडे फेकायचा हे दोन-तीन सेकंदांत ठरवणारा गडी. तो चुकला की संघ चुकला. तिकडच्या एका वेबसाइटसाठी आम्ही पंचविशीच्या आतल्या पंचवीस क्वार्टरबॅकांची क्रमवारी लावायचो. आज कोण चांगला आहे याची नाही, पुढे कोण मोठा होईल याची. आम्ही सहा जण सकाळी सातला बसून सामन्यांचं रेकॉर्डिंग आवाज बंद करून पाहायचो. प्रत्येक फेकीला थांबायचं, पोरगा कुठे बघत होता आणि चेंडू हातातून कधी सुटला ते लिहायचं. क्रम मात्र तो लावायचा. हा खेळ त्याने जन्मात कधी मैदानावर पाहिला नव्हता. तिकडून भेट आलेला एक खरा चेंडू होता, तोही आमच्या हातांचा घाम लागेल म्हणून त्याने कपाटात कुलूप लावून ठेवला होता.

असा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. समोर कुणी आलं की त्याचा नंबर लावल्याशिवाय याला चैन पडत नाही. आमच्यातल्या एकाच्या मुलीचं बारसं होतं. बायका पाळणा म्हणत होत्या. याने पाळण्यात वाकून पाहिलं आणि निकाल दिला, "मधल्यातली आहे. लय वर नाही जाणार, पण पडणारही नाही."

"अहो, बारा दिवसांची आहे ती!" आजी म्हणाली.

"तेच तं. आत्ताच समजते."

खाली तर्री-पोह्याचा ठेला होता. मालकाच्या देखत याने त्याच्या दोन मुलांत धाकट्याला पहिला नंबर दिला. त्या दिवसापासून आम्हा सगळ्यांच्या पोह्यांवर तर्रीचा रस्सा कमी पडू लागला.

त्याचा फळा फिरता होता. पुढच्या बाजूला अमेरिकेतली पोरं, मागच्या बाजूला आम्ही सहा. तो जेवायला गेला की आम्ही फळा उलटून पाहायचो. माझा पाचवा नंबर. पुढे लिहिलेलं, "दट्ट्या लावला तर चालेल." सहावी वैशाली. तिच्यापुढे एकच शब्द, "लग्न."

वैशाली सावनेरजवळच्या खापा गावची. आमच्यात खरी नजर तिचीच होती. तिसऱ्या नंबरच्या एका पोराच्या फेकी तिने चार वेळा मागे नेऊन पाहिल्या. "सर, हा पुढचा पाय पूर्ण टेकवत नाही. दुखून राहिला त्याचा पाय."

"आजचं दुखणं सांगू नको मले. तीन नंबर आहे, तीनच राहीन."

दोन आठवड्यांनी त्या पोराला स्ट्रेचरवरून बाहेर नेलं. याने त्याची पट्टी नवव्या घरात नेली आणि अहवालात लिहिलं की पुढचा पाय पूर्ण टेकत नव्हता, हे आमच्या लक्षात आलं होतं. आमच्या म्हणजे त्याच्या. वैशालीने पुढचं रेकॉर्डिंग लावलं. मी मात्र त्या दिवसापासून त्याचा राग करतो, आणि तो राग उतरावा असं मला कधी वाटलेलंही नाही.

मग तिकडून निरोप आला की सहाऐवजी पाचच माणसं हवीत. म्हणजे जाणार सहावा नंबर. वैशालीने मला पूर्वीच सांगून ठेवलं होतं. तिच्या वडिलांनी तिला शब्द दिला होता की नोकरी आहे तोवर तिला बघायला पाहुणे बोलावणार नाही. नोकरी सुटली की खाप्याला यायचं आणि दाखवून घ्यायचं. तिला लग्न नको होतं असंही नाही. आपण ठरवू तेव्हा हवं होतं, इतकंच.

मी त्याच्या केबिनमध्ये गेलो आणि हे सगळं त्याच्या कानावर घातलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. ऐकता ऐकता त्याचा चेहरा खुलत गेला.

"म्हणजे लग्न होणारच आहे ना तिचं? मंग मी काय चुकीचं लिहिलं?"

"सर, तुम्ही काढता म्हणून होईल ते."

"ते कशानंही होवो. होईन की नाही?" मग त्याने मधलं बोट जिभेला लावलं. "बरं, तिले ठेवतो. मंग कोणाले काढू? तुले?"

माझं घर कोराडीला. आईला दम्याचा त्रास आणि घरात मी एकटाच कमावता. ही कारणं खरी आहेत, पण त्या क्षणी मला त्यातलं एकही आठवलं नाही. मी नुसता घाबरलो. "नाही, म्हणजे मी सहज बोललो," असं म्हणून बाहेर आलो. वैशालीची नोकरी गेली.

उन्हाळ्यात वैशालीचं लग्न झालं, खाप्यालाच. तो आपल्या गाडीने आम्हा पाचही जणांना घेऊन गेला. वाटेत सावनेरला उसाचा रस पाजला. इतका खूश मी त्याला कधी पाहिला नव्हता. स्टेजवर चढून त्याने आहेराचं पाकीट दिलं आणि नवऱ्यामुलाला ऐकू जाईल असं म्हणाला, "म्हणलं होतं ना मी? दोन वर्षांआधीच लिहून ठेवलं होतं."

वैशाली फोटोसाठी समोर बघत होती. तशीच म्हणाली, "सर, तुम्ही काढलं नसतं तं आज सकाळी सातले मी ऑफिसात असती."

"पाहा!" तो नवऱ्यामुलाकडे वळला. "हुशार आहे पोरगी. मी कवाचा सांगून राहिलो."

आता तो पुण्याला असतो, मोठ्या हुद्द्यावर. तिथेही कुणाकुणाचे नंबर लावत असेल. मला मात्र तो आठवतो तो त्या मांडवातला. वांग्याची भाजी वाढून घेत, नवऱ्याकडच्या एका लहान पोराची हनुवटी वर करून त्याचं भविष्य सांगणारा. मांडवात तो असा जेवणाच्या बाजूला गेल्यावर वैशालीने मला जवळ बोलावलं.

"भाऊ, एक विचारू? मले काढलं तेव्हा सरांले माह्यासाठी कोणी काही म्हणलं होतं का?"

"हो," मी म्हणालो. "मी बोललो होतो."

तिचे डोळे भरून आले. तिने मला वाकून नमस्कार केला. मी तो करू दिला.