मारवाडच्या कुंडावर घडलेली गोष्ट

मारवाडच्या वाळवंटात लोकांनी आम्हांला पाणी नाकारले, असे माझे धाकटे चुलतभाऊ सोपानराव पेडगावच्या चावडीवर सांगत असतात. ते खोटे आहे. तेथे चूक घडली ती माझ्या हातून. तीसुद्धा त्यांना धड सांगता येत नाही, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

नागौरी बैलांची जोडी आणण्यासाठी आम्ही दोघे चैत्रात परभणीहून निघालो. निजामी हद्दीवर करोडगिरीच्या (जकातीच्या) शिपायाने दशम्यांची पुरचुंडीसुद्धा सोडून पाहिली.

"इत्ते दूर बैलां लाने जा रै? तुमारे गाँव में नै मिलते क्या?"

"मिलते, मगर दौड़ते नै," सोपान म्हणाला. आमच्या गावच्या बैलांची ही बदनामी मला तेव्हाही रुचली नव्हती.

मनमाडनंतर आणखी तीन गाड्या बदलल्यावर खिडकीबाहेरची जमीन बाजरीच्या पिठासारखी दिसू लागली. वाळवंट उजाड असते, असे आमचे शाळामास्तर शिकवतात. त्यांनी ते पाहिलेले नाही. मी पाहिलेल्या प्रत्येक शेतात शमीची झाडे उभी होती. आपण दसऱ्याला जिची पूजा करतो तिच्या शेंगांची ते लोक भाजी करतात (सांगरी म्हणतात) आणि ती बाजरीच्या भाकरीबरोबर उत्तम लागते. वाळूच्या टेकड्यांवर वाऱ्याने उमटवलेल्या रेघा तर सकाळी एका तऱ्हेच्या आणि दुपारी दुसऱ्याच.

बाजारात जोडी विकत घेऊन आम्ही स्टेशनाकडे पायी निघालो. दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर एक वाडी लागली. वाडीबाहेर चोपून गुळगुळीत केलेली गोल जमीन होती, मधोमध लहानशी घुमटी. घुमटीखाली धान्याचे पेव असावे असे मी धरून चाललो.

"खळं हाय, अन् रिकामं हाय. बैलं इथंच उभी करू," मी म्हणालो.

"दादा, इचारून तर घ्या."

"खळ्यात बैलं न्यायला काय इचारायचं?"

आपल्या रिवाजाप्रमाणे वहाणा कडेला काढून मी बैल आत नेले. एकाने लगेच शेण टाकले, दुसरा मुतला. तोच झोपडीतून एक म्हातारी धावत आली आणि कडेलाच थांबली. तिची मारवाडी बोली मला समजली ती अशी:

"जोडे बाहेर ठेवलेस, म्हणजे अडाणी नाहीस. मग ही जनावरं आत कशी?"

ते खळे नव्हते. घुमटीखाली कुंड होते, आणि त्या जमिनीवर (तिला आगोर म्हणतात) पडलेला पाऊस घरंगळत त्यात जाई. सारी वाडी वर्षभर तेच पाणी पिई. कडेला आपल्या वीरगळासारखी एक शिळा होती. दुष्काळात ज्या विधवेने कुंड खणवले तिची ती आठवण, असे म्हातारी म्हणाली. मग तिने पश्चिमेकडे बोट दाखवले. ढग आले होते. सर पडली असती तर ती घाण कुंडात गेली असती.

"दादा, निघू. लोक जमायलेत," सोपान म्हणाला.

"तू बैलं धर."

मी हातांनी शेण काढले. ओल मुरली होती तेवढा थर विळ्याने खरवडून उपरण्यात भरून दूर टाकला. म्हातारीने दाखवलेली कोरी माती तिथे पसरून चोपली. कोणी हात लावला नाही, आणि ते योग्यच होते. मध्येच सोपानने पाणी मागितले.

"काम उरकू दे," म्हातारी म्हणाली.

नाकारले, नाकारले म्हणतात ते एवढेच. काम उरकल्यावर तिने स्वतः कुंडातून पाणी काढले. आधी बैलांना पाजले, मग मला भरलेला लोटा दिला, मग सोपानला.

"मला न्हाई तहान," तो म्हणाला. लोटा तिने परत कुंडाकडे नेला नाही. शेजारच्या शमीच्या बुंध्याशी ओतला.

आम्ही निघालो तेव्हा ढग तसेच होते. जोडी सुखरूप पेडगावी आली, उत्तम चालते. सोपानरावांनी चावडीवर काय हवे ते सांगावे. मला बोचते ते वेगळेच. त्या रात्री तिकडे पाऊस पडला का, हे मला कळले नाही. ओल मी पुरती खरवडली होती असे मला वाटते. खात्री देता येत नाही.