बमरोलीतली गोधडी

परवा आईच्या लुगड्यांची जुनी गोधडी उन्हात टाकली आणि यंत्रमागाच्या तेलाचा वास आला. नव्वदच्या दशकातली सुरत आठवली; बाबा तिथे यंत्रमागावर कामाला होते आणि आई मला घेऊन गावाहून त्यांच्याकडे गेली होती.

बाबांनी आम्हाला स्टेशनवरून बमरोलीतल्या खोलीवर नेलं. तिथे भरदुपारी, आईने बाबांना शिवून दिलेली हीच गोधडी पांघरून एक परका माणूस झोपला होता. आई दारातच थिजली.

"रातपाळीना शे तो," बाबा हळूच म्हणाले. "दिवसा तो झोपस, रातले मी. खोली शेठनी, मागबी शेठना. भाडं वाढनं, कापडना मीटरना भाव तोच शे."

तेव्हा मला त्या माणसाचा राग आला होता. आता गावाकडे राहिलेल्या त्याच्या बायकोचा विचार येतो.

ही गोधडी सोबत घेऊन गावी परतल्यावर आईने बाबांसाठी दुसरी गोधडी शिवली. तिच्यात तिने स्वतःचं एकही लुगडं घातलं नाही.