चंद्रभागाबाईनं साठवलेलं ऊन

केजच्या बाजारामागच्या गल्लीत चंद्रभागाबाईसारखी साठवणारी बाई दुसरी नव्हती. आहेराचे टॉवेल, मिठाईचे रिकामे डबे, मुरलेल्या लोणच्याची बरणी, सगळं फडताळात. आणि कुणासाठी म्हणाल? तर पुण्यात कंपनीत असलेल्या बंकटसाठी. लेक वर्षातून एकदा येणार, आणि ही बारा महिने त्याच्या नावानं डबे भरणार! बोललं तर ऐकणार थोडीच.

त्याच बंकटनं गेल्या दिवाळीत घरावर सोलार बसवून दिलं. कारण होते त्याचे वडील. आसाराम शाळेत शिपाई होते, रिटायर झाले आणि लकव्यानं खाटेला खिळले. वर उघडा स्लॅब, मे महिन्यात घराची नुसती भट्टी. बंकटनं नवा कूलरही आणून ठेवला. "माय, दिवसभर चालू ठिव. बिलाचं भ्याव धरू नको," असं बजावून गेला.

आणि खरंच, पुढचं बिल अगदी किरकोळ आलं. बघायला सगळी गल्ली लोटली. शेजारच्या तेलघाण्यावर नि समोरच्या कापड दुकानावरही पॅनल चढले. ते बसवणारा वायरमन गुफरान याच गल्लीतला. त्यानं बाईला समजावलं, "काकू, तुमी वापरली न्हाई ती वीज बोर्डाकडं जमा व्हती. पुढं लागंल तवा वापरता येती."

झालं! बाईच्या कानात 'जमा' तेवढंच शिरलं. म्हणजे छतावर कणगीच की! मेच्या शेवटी बंकट लेकरं घेऊन पंधरा दिवस येणार होता. पुण्याची लेकरं, त्यांना रात्रंदिवस गार वारं लागणार. तोवर उधळायचं कशाला? तिनं कूलरवर जुनं लुगडं झाकून ठेवलं.

आसारामचा एक हात तेवढा हलायचा. त्या हाताचं बोट ते कूलरकडं करायचे. जीभ जड झालेली, तरी "लाव, लाव" एवढं कळायचं. "लावते हो, बंकट येऊ द्या," म्हणत ती ओलं फडकं त्यांच्या छातीवर टाकायची आणि विंझणा घेऊन बसायची. खांदा भरून आला तरी वारा घालायची. नवऱ्यावर जीव नव्हता असं कोण म्हणेल? जीव होता हो, अक्कल तेवढी शेण खायला गेली होती! गुफरान एकदा चिडलाही. "काकू, कावून त्यांला उकाड्यात ठिवता? बनतंय त्यातलं निम्मंबी तुमी वापरत न्हाईत!"

"तू गप रे. थेंबे थेंबे तळं साचतं," ती म्हणाली.

बंकट यायला आठ दिवस उरले होते. भर दुपारी ती फडकं भिजवायला न्हाणीत गेली. परत आली तर आसारामचं बोट कूलरकडंच होतं, डोळे उघडे, आणि छाती हलत नव्हती. डॉक्टर आले, नाडी बघितली, म्हणाले, उष्माघात.

बंकटला पुण्याहून पोचायला सांज होणार. लेकाशिवाय अग्नी कोण देणार? आणि असल्या उन्हात माती ठेवायची तरी कशी? शेजारच्या भामाबाईनं कूलरवरचं लुगडं ओढून काढलं, गुफराननं पाणी ओतलं, बटण दाबलं. गार वारं सुटलं. आसारामच्या कपाळावरचे पांढरे केस उडायला लागले.

चंद्रभागाबाईनं तेव्हा जो हंबरडा फोडला, तो तेलघाण्यापर्यंत ऐकू गेला. पाच तास ती त्या वाऱ्यात नवऱ्याचा हात धरून बसून होती.

दिवस कलताना बंकट आला. बापाच्या पायावर पडून रडला, मग डोळे पुसत त्यानं कूलरकडं पाहिलं.

"माय, कूलर तर चालू हाय. मग दादांला ऊन लागलं कसं गं?"

सगळ्या बाया खाली बघायला लागल्या. चंद्रभागाबाईनं नवऱ्याचा हात सोडला नाही.

"आता लावलाय रे बाबा," ती म्हणाली. "गेल्यावर लावलाय."