जाग येईपर्यंतची खुर्ची

डॉ. मृणालिनी साठे यांची भूल देण्यातली हातोटी भाईंदरमध्ये कुणी नाकारत नसे. तक्रार एवढीच, की त्या लवकर उठत नाहीत. स्वतःचं रुग्णालय नसलेल्या भूलतज्ज्ञाने एका नर्सिंग होममधून दुसऱ्यात धावत राहावं, टाके पडताच बॅग उचलावी आणि रुग्णाची जाग सिस्टरच्या हवाली करावी, ही इथली रीत. मृणालिनीबाई मात्र रुग्णाच्या उशाशी खुर्ची ओढून बसत. माणूस मान उचलून स्वतःचं नाव सांगेपर्यंत ती खुर्ची हलत नसे. या हट्टापायी बऱ्याच ठिकाणची बोलावणी बंद झाली होती. मोठं असं उरलं होतं ते नवघरचं डॉ. जितेंद्र यांचं रुग्णालय. बाईंची निम्मीअधिक कामं तिथलीच.

त्या दुपारी भाईंदर पश्चिमेच्या एका छोट्या नर्सिंग होममध्ये मुर्धा गावच्या शेवंतीचं पित्ताशय काढून झालं होतं. वेगळी रिकव्हरी खोली नव्हती. तिला थेट खाटेवर आणलं. अंगाने भरलेली, आखूड मानेची शेवंती मोठ्याने घोरत होती. नवरा पंढरीनाथ ओशाळला.

"घरी पन अशीच हाय, मॅडम. शेजारी भिंत ठोकतात."

"ठोकू दे. आवाज येतोय तोवर श्वास आत जातोय."

इतक्यात जितेंद्रांचा फोन आला.

"मॅडम, पेशंट टेबलावर घेतलाय. कुठे अडकलात?"

"इथली बाई अजून जागी नाही."

"ऑक्सिजन किती दाखवतोय?"

"अठ्ठ्याण्णव."

"मग सिस्टर बघेल की! का अंगाई गायला थांबलात?"

"ऑक्सिजनची नळी लावलेली आहे, डॉक्टर. श्वास अडला तरी आकडा उशिरा पडतो."

बोलता बोलता बाई खिडकीकडे वळल्या. पाठीमागे पंढरीनाथाला बायकोचं डोकं फारच खाली वाटलं. त्याने पिशवीतून घरची कापसाची जाड उशी काढली आणि हळुवारपणे तिच्या डोक्याखाली सरकवली. घोरणं थांबलं.

"बघा, आता कशी शांत झोपली," तो समाधानाने म्हणाला.

बाई गर्रकन वळल्या. छाती उसळत होती, पण तोंडाशी श्वास नव्हता. फोन खिडकीत टाकून त्यांनी उशी खेचली, मान मागे केली, दोन्ही हातांच्या बोटांनी जबडा पुढे उचलला. काहीच घडेना, आकडा मात्र आता खाली घसरू लागला. मग घशातून एक खरखरीत, जाड श्वास आला. त्यामागून दुसरा. पंढरीनाथ उशी पोटाशी धरून भिंतीला टेकला.

खिडकीतल्या चालू फोनमधून जितेंद्रांचा आवाज आला, "झालं ना ठीक? मग निघा. नाहीतर मी दुसऱ्यांना सांगतोय, स्पष्ट बोलतो."

जबडा न सोडता बाई तिकडे ओरडल्या, "सांगा! पण आधी तो पेशंट टेबलावरून उतरवा. मी आले तर त्याच्याही उशाशी अशीच बसणार आहे. परवडत नसेल तर आजच दुसरा बघा."

फोन कट झाला.

काही वेळाने शेवंतीने डोळे किलकिले केले.

"नाव सांगा."

"शेवंती… माजी उशी कुटं हाय?"

"तुमच्या नवऱ्याने कवटाळलीय. आधी मान उचला."

सिस्टर दारात आली. "मॅडम, नवघरहून निरोप आहे. दुसऱ्यांना बोलावलंय. आणि… यापुढे येऊ नका म्हणाले."

"बरं," बाई म्हणाल्या आणि खुर्ची आणखी जवळ ओढली. "शेवंतीबाई, ही कसली मान उचलली? पुन्हा. मघाशी उशी मागितलीत, तेवढ्याच जोरात."