चाखणं म्हणजे पिणं नव्हे

आमची ताई बावीस वर्षं कॉफीच्या कारखान्यात चव बघायचं काम करते. समोर वाट्यांची रांग, हातात चमचा. फुर्रकन ओढायचं, तोंडात घोळवायचं आणि पायाशी ठेवलेल्या पिंपात थुंकायचं, असा नियम. ताई थुंकत नाही. शेवटची चव घशातच कळते म्हणते, आणि थुंकणाऱ्यांना नाक मुरडते. तिचा हा तोरा मला कधीच पटला नाही, पण तिच्या जिभेपुढे मालकही गप्प बसतात.

मागच्या वर्षी तिने अंथरूण धरलं. ताप नाही, काही नाही. नुसती भिंतीकडे तोंड करून पडायची. डॉक्टरांनी नैराश्यावरची गोळी दिली, दीड महिन्यात ती उठून कामावर गेली. मी हुश्श केलं. पंधरवड्यात नवंच सुरू झालं. एका जागी बूड टेकेना. छाती धडधडायची, चमचा वाटीवर टकटक वाजायचा, घरी एकच फळी तीनतीनदा पुसायची. आजार उलटतोय असं वाटून डॉक्टरांनी डोस वाढवला, तशी ती आणखीच सैरभैर झाली. हात असाच कापत राहिला तर कामावरून काढतील, या धास्तीने तिने गोळ्या फेकून द्यायचं ठरवलं. मला ती भिंत पुन्हा दिसायला लागली. हट्टाने तिला दवाखान्यात नेलं.

चहा-कॉफी किती घेता, डॉक्टरांनी विचारलं.

"सकाळी एक कप," ताई म्हणाली.

माझं डोकंच फिरलं. "आणि कामावरच्या साठ वाट्या?"

"ते पिणं नव्हे. चाखणं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. यकृतातलं एक एन्झाइम कॉफीतलं कॅफीन मोडून काढतं, आणि नेमकं त्यालाच ही गोळी अडवून धरते, असं त्यांनी सांगितलं. आजचा घोट उद्याही रक्तातच, त्यावर उद्याचे साठ. आपण आधीच खोदून विचारायला हवं होतं, हेही त्यांनी कबूल केलं. गोळी एकदम बंद करायची नाही, हळूहळू दुसरी सुरू करू. तोवर कॉफी पोटात जाता कामा नये.

"म्हणजे माझं डोकं परत बिघडलं नव्हतं?" ताईने विचारलं आणि ती रडायला लागली. मीही रडले.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर कारखान्यात गेले. आता माझं बूड टेकत नव्हतं. ताईने चमचाभर कॉफी ओढली, घोळवली आणि पिंपात थुंकली. सगळे बघत राहिले. तिने ओठ पुसले.

"करपलीय," ती म्हणाली. "परत पाठवा."