मलप्पांनी घेतलेला जिम्मा

लातूरच्या गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत मलप्पांचं दोरखंडाचं दुकान आहे आणि त्याला लागूनच माझं मोटारी बांधायचं. बोअरमधली जळालेली मोटार माझ्याकडे येते, आणि ती वर ओढायला लागणारा दोर मलप्पांकडून जातो. म्हणजे कुणाचं तरी नशीब फिरलं की आम्हा दोघांचा धंदा होतो. मलप्पांना सगळी गल्ली आप्पा म्हणते. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, पांढरा सदरा आणि तोंडात सतत एखादी सूचना. गिऱ्हाईक दोर घेऊन निघालं तरी गाठ कशी मारायची ते सांगत आप्पा त्याच्यामागे पायरीपर्यंत जातात. माणूस लाखातला, पण गप्प बसणं काही त्यांना जमत नाही.

या वर्षी त्यांच्या सुनेला, दामिनीला, चाकूरच्या सरकारी दवाखान्यात नोकरी लागली, रक्त तपासायच्या खोलीत. मुरुडची ही शिकलेली पोरगी लग्न झाल्यापासून परीक्षा देत होती आणि स्वयंपाक करत होती. आता नोकरी आली तर तिचाच पाय निघेना. नवरा, म्हणजे आप्पांचा मुलगा वीरेश, औषधाच्या कंपनीत, सदा नांदेडकडे फिरतीवर. घरी चार वर्षांची शिवलीला, जिला सगळे चिन्नी म्हणतात, आणि चिन्नीला सांभाळणारी आजी शरणम्मा. शरणम्माच्या गुडघ्यांची अवस्था अशी की चिन्नी गच्चीवर पोचली तरी आजी पहिल्याच पायरीवर. राहता राहिली दिवसभराची बालवाडी. सकाळी जायचं, जेवायचं तिथंच, झोपायचं तिथंच, संध्याकाळी परत. एवढंसं लेकरू दिवसभर परक्या ठिकाणी कसं राहील, म्हणून दामिनी नोकरी नकोच म्हणायला लागली.

तेव्हा आप्पा सगळ्यांसमोर म्हणाले, "तू रुजू हो पोरी. चिन्नी शाळेत टिकंल. जिम्मा माझा."

वीरेश बापासारखा बोलका नाही, मोजकंच बोलतो. तो म्हणाला, ठीक आहे, जून महिना बघू. पोरगी रुळली तर उत्तम, नाहीतर दामिनीने घरी बसायचं. दामिनीने आप्पांकडे असं बघितलं की त्या दिवसापासून आप्पांची झोप उडाली.

पाडव्यापासून दोरखंडाच्या दुकानात शाळा भरायला लागली. सुंभाच्या वेटोळ्यावर चिन्नी बसायची, आप्पा तराजूच्या पारड्यावर वजन वाजवून घंटा द्यायचे. हजेरी, मग गाणं, मग डबा. डब्याचं झाकण स्वतः उघडायचं. शू लागली तर हात वर करून सांगायचं. दुपारी पोत्यावर अर्धा तास डोळे मिटून पडायचं. यात चिन्नीआधी आप्पाच घोरायला लागायचे आणि पोरगी उठून गिऱ्हाईकाला "शाळा चालू हाय, मागून या" असं सांगायची. मला शाळेचा इन्स्पेक्टर नेमलं होतं. ग्रीसचे हात पुसत मी जायचो, नाव विचारायचो, गाव विचारायचो आणि पास करून परत यायचो. बुटाची नाडी बांधायला तर आप्पांनी असं शिकवलं की तिची गाठ बैलालाही सुटली नसती. पुढे शाळेचे बूट आले, ते चिकटपट्टीचे निघाले. आप्पा दिवसभर त्या बुटांवर रुसून होते.

पण आप्पांची खरी मेहनत वेगळीच होती, आणि ती मला जरा उशिरा कळली. हे घर मूळचं उदगीरच्या पलीकडचं, देवणीकडचं. बाहेर मराठी आणि घरात कानडी, तीही निम्मी मराठीत कालवलेली. आप्पा लहानपणी चुलत्याकडे लातूरला शिकायला आले. पहिल्याच आठवड्यात गुरुजींनी काय जेवून आलास विचारलं, तर हे म्हणाले, "अन्ना सारू." म्हणजे भात आणि सार. सगळा वर्ग हसला आणि आप्पांचं नाव सारू पडलं. खेळताना सारू, पाटी फुटली तर सारूनं फोडली. चौथीत शाळा सुटली ती काही केवळ त्यामुळे नाही, पण आप्पा म्हणतात की सोडताना वाईट वाटलं नाही ते मात्र त्यामुळेच. या वयातही ते सांगताना त्यांचा आवाज बारीक होतो.

म्हणून चिन्नीच्या तोंडातून कानडी काढायची, असं त्यांनी ठरवलं. हालू नाही, दूध. बाळेहण्णू नाही, केळ. अज्जा नाही, आजोबा. शरणम्मा नातीला "बा" म्हणून हाक मारायची, की हे आतून "ये म्हण, ये" असं ओरडायचे. ती माउली आयुष्यभर कानडीत भांडलेली. मराठीत भांडायची तिला सवयच नव्हती, त्यामुळे दोन महिने घरात शांतताच होती. शेवटी एक दिवस तिने मराठीत विचारलं की मी आता बोलूच नको का. आप्पा म्हणाले, जून संपेपर्यंत कमी बोल. मला हे पटलं नाही आणि तसं मी त्यांना सांगितलंही. लेकराच्या जिभेवर आजी बसलेली असते, तिला असं खाली उतरवू नये. पण आप्पांनी माझं ऐकलं असतं तर ते आप्पा कसले.

शाळा सुरू झाली. पहिल्या दिवशी चिन्नी टाटा करून आत गेली आणि रडले ते आप्पा. बाई तरुण, हसऱ्या, बुद्धप्रिया त्यांचं नाव. त्यांनी आप्पांनाच समजूत घालून परत पाठवलं. दोन-तीन दिवस सगळं छान चाललं. दामिनी चाकूरच्या बसमध्ये खिडकीशी बसून जायला लागली, आप्पा गल्लीभर सांगत सुटले की तयारी असावी तर अशी.

मग चिन्नी कोमेजायला लागली. संध्याकाळी घरी आली की दप्तर टाकून थेट स्वयंपाकघरात, आणि घटाघटा तांब्याभर पिऊन झालं की आजीच्या मांडीवर आडवी. खेळ नाही, बडबड नाही. पुढच्या आठवड्यात सकाळी उठली की डोकं दुखतंय, मग पोट दुखतंय, मग शाळाच नको. कुणी मारलं का? नाही. कुणी चिडवलं का? नाही. बाई आवडतात का? हो. मैत्रीण आहे का? आहे, नीरजा, सगळे तिला नीरू म्हणतात. मग घोडं पेंड कुठं खातंय ते कुणालाच कळेना. आप्पांनी वाटेल ते विचारून बघितलं आणि पोरगी दर वेळी फक्त मान हलवत राहिली.

त्या शुक्रवारी दामिनी कामावरून आली तर चिन्नी अंथरुणात, ओठ सुकलेले, अंग कोमट. तिने लेकराला उचलून घेतलं आणि सासऱ्याला म्हणाली, "मामा, मी सोमवारी साहेबांना सांगून टाकते. तुम्ही लई केलं. तुमचा काही दोष न्हाई."

दोष नाही हे ऐकून आप्पांना जास्तच लागलं. त्यांनी सुनेकडे एवढा एक सोमवार मागून घेतला.

सोमवारी सकाळी त्यांनी दुकानाची चावी माझ्याकडे दिली आणि चिन्नीला घेऊन गेले. बाईंनीच त्यांना वर्गाबाहेर खिडकीपाशी बसायला परवानगी दिली, कारण पोरगी का सुकतेय हे त्यांनाही उमगत नव्हतं. आप्पा दुपारच्या आत परत आले. मी विचारलं काय झालं, तर आधी चहा सांग म्हणाले. चहा आल्यावर त्यांनी जे सांगितलं ते असं.

वर्गात सगळं नीट चाललं होतं. गाणं झालं, चित्रं झाली. ऊन चढलं होतं. चिन्नीची घरून नेलेली बाटली डब्याच्या सुट्टीच्या आधीच संपली होती. चिन्नी उठली, आप्पांनी शिकवल्यासारखा हात वर केला आणि म्हणाली, "बाई, नीरू पाहिजे."

बाई लगेच म्हणाल्या, "अगं, नीरू इथंच हाय की." आणि त्यांनी त्या नीरजाला उचलून चिन्नीच्या शेजारी आणून बसवलं. नीरजाने मोठ्या प्रेमाने हिच्या गळ्यात हात टाकला. चिन्नीने तिच्याकडे बघितलं, बाईंकडे बघितलं आणि खाली बसली. जरा वेळाने बाईंनीच तिला विचारलं, पाणी देऊ का. चिन्नी म्हणाली, पाणी नको. थोड्या वेळाने परत हात वर. परत नीरू. परत बाईंनी दोघींना जवळ सरकवलं.

आता इथं आमच्या गावाची गोष्ट सांगायला पाहिजे. लातूरला लेकरू चालायच्या आधी पाणी सांडू नये हे शिकतं. नळ कधी येईल त्याचा नेम नसतो, त्यामुळे प्रत्येक घरात वापरायचं पाणी वेगळं आणि प्यायचं वेगळं. आप्पांच्या घरात बोअरचं, टँकरचं, भांड्याधुण्याचं ते पाणी. माठातलं, प्यायचं ते नीरू. दामिनी मुरुडची, कानडीचा गंध नसलेली, पण सासरी येऊन तीही तेच बोलायला लागली. आणि माठाला लेकरांनी हात लावायचा नाही, मोठ्यांना मागायचं, हा त्या घरचा कायदा. शाळेत नळाचं फिल्टर होतं, मुलं उठून हवं तेव्हा पीत होती. पण चिन्नीच्या हिशेबाने नळाला येतं ते पाणी, ते कुणी पितं का? आणि न मागता घ्यायचं कसं? म्हणून ती शहाण्यासारखी हात वर करून मागत होती, आणि बाई रोज तिला मैत्रीण देत होत्या. उन्हात सुकून चाललेली पोरगी नीरजाचा हात धरून बसत होती.

आप्पांनी घरातले सगळे कानडी शब्द वेचून बाहेर टाकले, पण दिवसातून वीसदा स्वतःच उच्चारलेला शब्द कानडी आहे हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. काखेत कळसा म्हणतात तो हा. दामिनीच्याही लक्षात आलं नाही, वीरेशच्या नाही, शरणम्माच्याही नाही. त्यांच्या लेखी ती भाषा नव्हतीच, ते फक्त नीरू होतं.

आप्पा उठले. बाईंना बाजूला घेऊन हळूच सांगावं असं त्यांच्या मनात होतं. पण चिन्नी त्यांच्याकडे बघत होती, आपण काय चुकीचं बोललो असं तोंड करून. तो चेहरा आप्पांना चांगला ओळखीचा होता. मग ते दारात उभं राहून सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हणाले, "बाई, तिला पाणी पाहिजे. आमच्यात प्यायच्या पाण्याला नीरू म्हणत्यात. आमी घरात कानडी बोलतो."

बाईंनी कपाळाला हात लावला. त्या धर्माबादच्या. म्हणाल्या, आमच्या बाजारात तेलंगणातली माणसं नीळ्ळू मागतात, माझ्या ध्यानात यायला पाहिजे होतं, या नीरजाच्या नावानं घोळ केला. आणि मुलं हसली. सगळा वर्ग हसला. आप्पांनी दाराची चौकट धरली. पण सगळ्यात मोठ्याने हसत होती ती नीरजा. तिचं नाव पाणी निघालं होतं आणि तिला ते भलतंच आवडलं होतं. पोरं तिच्याकडे पेले घेऊन धावली, एक पेला नीरू दे म्हणून. आणि चिन्नी पोट धरून हसत होती. आप्पा तिच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत उभे राहिले, आणि ते तिथं नव्हतं.

इतकं सांगून आप्पांनी चहाचा कप खाली ठेवला आणि डोळे पुसले. लपवले नाहीत. मला म्हणाले, आनंदा, एवढी वर्षं मी त्या हसण्याला भिऊन राहिलो रे. मी दुसरा चहा सांगितला.

चाकूरला फोन त्यांनी वाटेतूनच केला होता. दामिनीला एवढंच सांगितलं होतं की साहेबांना काही बोलू नको, संध्याकाळी ये नेहमीसारखी. ती फोनवर नुसती रडत होती म्हणे, मागे कुणीतरी नळी कुठे ठेवली म्हणून विचारत होतं.

मला मात्र एक कळेना. एवढं सगळं झाल्यावर हा माणूस दुपारच्या आत दुकानात कसा आला. मला वाटलं होतं, आता हे रोज खिडकीशी बसणार आणि चिन्नीला दर तासाला पाजणार. दोराची भेंडोळी मोकळी करत मी विचारलं, "मग पुढं काय झालं?"

"पुढं काय. तिनं पाणी पेलं. दोन पेले पेली. मी तिथंच हुबा. तर माझ्यापाशी आली नि म्हणाली, आजोबा, तुमी जावा आता घरी. इथं लहान लेकरं बसत्यात."

"मग?"

"मग काय, आलो," आप्पा म्हणाले आणि हसत गल्ल्यावर जाऊन बसले.